वादीतली वाडी

पहिला दिवस : गुरुवार

मुंबईहून मस्कतला विमान अडीच-पावणेतीन तासांत पोचतं. गुहागरहून मुंबईला यायला आम्हाला अख्खी रात्र लागली होती. त्यामुळे परदेश जवळ आणि मुंबई लांब, असं यांनी विमानात बसल्या बसल्या जाहीर करून टाकलं. उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे न्यायचं असतं. मी नेलं, यांनी नाही. "तीन दिवसांसाठी कशाला त्याला हलवायचं?" तीन दिवस यांच्या मनगटावर गुहागरच चालत होतं.

बहिणीचा मुलगा अकरा वर्षं मस्कतला आहे. "मावशी, जानेवारीतच ये, नंतर भाजून निघशील," असं तो दरवर्षी म्हणायचा. यंदा निवृत्तीचे पैसे हातात आले, गुडघे अजून चालते आहेत, म्हटलं जाऊन येऊ.

संध्याकाळी त्यानं मतरहच्या बाजारात नेलं. एका बाजूला समुद्र, पाठीला काळपट नागडे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पांढरी घरं. बाजारात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत लोबानाचा धूर. आपण ज्याला लोबान म्हणतो ते निराळ्या झाडाचं. शब्द मात्र इथलाच, अरबीतला 'लुबान'. दक्षिणेकडे धोफारच्या डोंगरातल्या झाडांना चिरा देऊन हा डिंक काढतात. दुकानदारानं हिरवट झाक असलेला खडा तळहातावर ठेवून उत्तम प्रत म्हणून दाखवला आणि मग अस्सल हिंदीत भाव सांगितला. इथला एक रियाल म्हणजे हजार बैसा. बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत या देशात आपल्या रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी छापलेला रुपया चालत होता, हे मी शाळेत भूगोल शिकवताना मुलांना सांगायचे आणि मुलं अविश्वासानं बघायची. आज मला स्वतःलाच ते पहिल्यांदा खरं वाटलं.

रात्री जेवताना गुहागरहून आगरातल्या गड्याचा फोन. विहिरीवरची मोटर जळली. चिपळूणला वाइंडिंगला दिली तर सोमवारशिवाय मिळणार नाही. नारळ-पोफळींची आळी दोन दिवसांत कोरडी पडतील. विहीर सामाईक आहे, तीन घरांची. प्रत्येकाची मोटर वेगळी आणि पाळी ठरलेली: आमची सकाळी सहा ते आठ. शेजारी चुलत दिरांची मोटर धडधडीत चालू आहे. पण त्यांच्याशी आमचं सात वर्षं बोलणं नाही. त्या विहिरीवरूनच. यांनी फोन ठेवला आणि ताटातला भात तसाच चिवडत बसले.

दुसरा दिवस : शुक्रवार

पहाटेची बांग झाली आणि पाठोपाठ खाली हॉर्न वाजला. पांढरी लँड क्रूझर, टपावर जादा चाक, मागे बर्फाची पेटी, फावडं आणि दोरखंड. दोरखंड बघून यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहिलं.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा. अंगात पायघोळ पांढरी दिशदाशा, डोक्याला भरतकामाची कुम्मा टोपी, आणि तोंडात मुंबईची हिंदी. मूळ घराणं बलुची, आजोबा ग्वादरचे. ग्वादर १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाकडेच होतं, नंतर ते पाकिस्तानला विकलं गेलं. आजोबा त्याच्या कितीतरी आधी गलबतानं इकडे आले. हिंदी कुठे शिकलात, विचारलं तर म्हणाला, अर्धी सिनेमात आणि अर्धी मोहम्मद अली रोडवर. दर दोन-तीन वर्षांनी तो जुलैत मुंबईला जातो. कशाला? पाऊस बघायला. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसायचं आणि भिजायचं. आम्ही ज्या पावसाला शिव्या देत गुरं-पोरं आत घेतो, तो बघायला हा माणूस तिकीट काढून येतो! भाचा मला मावशी म्हणतो हे ऐकल्यावर त्यानंही मला "मावशी" म्हणायला सुरुवात केली आणि यांना "चाचा".

मस्कतहून सूरला जाणारा किनाऱ्याचा रस्ता आता आरशासारखा आहे. पूर्वी कुरियातच्या पुढे नुसता गोटेरी माग होता. याचे वडील त्यावरून ट्रक न्यायचे तेव्हा दिवस मोडायचा. गाडीचा काटा १२० च्या वर सरकला की आतून टिंग-टिंग घंटी वाजते. आमचा सारथी ११८ वर काटा असा धरून ठेवायचा, जणू तेही एक कसब. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर. गवताचं पातं नाही, मातीची साय नाही, नुसती हाडं. शाळेत थरांचे खडक शिकवताना मी फळ्यावर रेघा ओढायचे. इथे त्या रेघा मैलोन् मैल उघड्यावर पडल्या होत्या, काही आडव्या, काही मुरगळलेल्या.

कुरियात सुमारे ९० किलोमीटरवर. मासेमारीचं शांत गाव. १५०७ मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कनं ते लुटलं, जाळलं. तीनच वर्षांनी गोवा घेतला तो हाच. आम्ही इथे एका मलयाळी माणसाच्या टपरीवर थांबलो. खरं तर उतरलोही नाही. हॉर्न वाजवला की पोरगा गाडीपाशी येतो, अशी इथली रीत. कडक दुधाळ वेलचीचा चहा आणि पराठ्याच्या गुंडाळीत चीज आणि 'चिप्स ओमान' नावाचे तिखट वेफर चुरून घातलेले. ओमानी माणूस, मलयाळी हात, आपला पराठा. हे म्हणाले, "आपल्या वडापावात वेफर घालून बघायला हवेत."

कुरियातच्या पुढे दिबाबच्या अलीकडे आम्ही डांबर सोडलं आणि डोंगराकडे वळलो. वादी अल-अरबईन. अरबईन म्हणजे चाळीस. वाटाड्या उतरला, चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडली. टायर मऊ असला की दगड गिळतो, टणक असला की दगडच टायर गिळतो, असं काहीसं म्हणाला. मग त्यानं कमरेवर हात ठेवून आत, डोंगरमाथ्याकडे, बराच वेळ बघितलं. ढग नव्हता. वादीत शिरताना डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही, लांबच्या डोंगरावरचं बघावं लागतं. पाऊस तिकडे पडतो, ऊन इकडे असतं, आणि पाणी भिंतीसारखं येतं. जून २००७ मध्ये गोनू वादळ आलं तेव्हा याच किनाऱ्यावरचे रस्ते, पूल, माणसं वाहून गेली. "लोक म्हणतात वाळवंटात माणूस तहानेनं मरतो," तो गिअर टाकता टाकता म्हणाला, "आमच्याकडे बुडून मरतो."

'वादी' हा शब्द मला सकाळपासून छळत होता. आमच्या कोकणात वाडी म्हणजे घरं, माणसं, माड, विहीर. इथे वादी म्हणजे कोरडं नदीपात्र. भाचा सांगत होता की पहिली दोन वर्षं तो घरी फोनवर "वादीत फिरायला गेलो होतो" म्हणायचा, आणि त्याची आई विचारायची, कुणाच्या?

माग पात्रातूनच जातो. गोटे, गोट्यांखाली वाळू, मध्येच दोन फूट पाणी. दोन्ही बाजूंना कडे जवळ येत जातात आणि मग आभाळाची पट्टी तेवढी उरते. गाडी एका कुशीवर इतकी कलायची की माझी पर्स यांच्या मांडीवर आणि यांचा चष्मा माझ्या. तोंडानं रामरक्षा चालू होती. ती गाडीसाठी नव्हे, माझ्या मणक्यांसाठी. पण डोळे बाहेरच, कारण झाडं ओळखीची निघू लागली. पाण्याकाठी गुलाबी कण्हेर, आमच्या शंकराच्या देवळाबाहेरची. वाळूत रुई. कपारीला बाभळीची बहीण, तिला इथे सुमर म्हणतात, आणि बोरीची थोरली जाऊबाई, तिचं नाव सिदर. सिदरच्या फुलांवरचा मध म्हणे औषधासारखा जपून वापरतात, आणि किंमतही औषधासारखीच. चार हजार मैलांवर गेल्यासारखा थाट करून आलो होतो. कुंपणापलीकडेच आलो की काय असं वाटायला लागलं.

आणि मग टायर फाटला. पंक्चर नव्हे. चुनखडीच्या धारेनं कुशीतून सुरी फिरवल्यासारखा कापला. वाटाड्या खाली उतरून बघत बसला, आणि स्वतःशीच अरबीत काहीतरी पुटपुटला, जे भाच्यानं मला सांगितलं नाही. जॅक लावायला सपाट जागा मिळेना. एक तास गेला. ज्यांनी सहल ठरवून दिली त्यांनी कागदावर दोन जादा चाकं लिहिली होती. प्रत्यक्षात एकच होतं. म्हणजे पुढे दुसरं चाक फाटलं तर रात्र इथेच. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, ते बरं झालं.

आम्ही सुवेह गावाच्या अलीकडेच होतो. खजुरांच्या बागेतून एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आला, बघून गेला, आणि थोड्या वेळानं थर्मास, कान नसलेल्या इवल्या वाट्या आणि खजुरांचं ताट घेऊन परत आला. पाठोपाठ त्याचे आजोबा, हातात काठी. रस्त्यात अडकलेल्या अनोळखी माणसांसाठी कॉफी. कहवा पातळ, सोनेरी, वेलचीचा. साखर नाही, गोडी खजुराची. वाटीत घोटभरच ओततात आणि रिकामी झाली की लगेच पुन्हा. हे सहा वाट्या प्याले. नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून पितच राहिले. सातव्याला भाच्यानं हळूच सांगितलं, "काका, वाटी अशी हलवायची, मग थांबतात." यांनी हलवली. मुलगा खुदकन हसला. त्याला बहुतेक कुणी सहा वाट्या पिताना पाहिलं नव्हतं. निघताना मी त्याच्या हातावर चिक्की ठेवली, लोणावळ्याची.

गावापलीकडे डोहांवर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पाचूच्या रंगाचं पाणी. इतकं स्वच्छ की खोली कळत नाही. मी गुडघाभर समजून पाय टाकला आणि कमरेपर्यंत गेले. बाकीचं वर्णन करत नाही. फोटो काढले आहेत, त्यांतही ते आलेलं नाही.

परत किनाऱ्याला आलो आणि हवियत नज्म बघितलं. जमिनीत पडलेलं प्रचंड भोक, तळाशी हिरवं-निळं पाणी, उतरायला पायऱ्या. आभाळातून तारा पडून हे भोक झालं अशी लोककथा, नावही त्यावरूनच. खरं म्हणजे खालची चुनखडी पाण्यात विरघळत गेली आणि छत कोसळलं. समुद्र जेमतेम अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, म्हणून पाणी मचूळ. मासोळ्या येऊन पायांची कातडी टोचतात. शहरात त्याचे पैसे घेतात, इथे फुकट. शुक्रवार असल्यानं सगळं मस्कत उलटलं होतं. आम्ही दहा मिनिटांत वर आलो. एवढं नाव मोठं, पण मला ते बागेत कोंडलेल्या वाघासारखं वाटलं: कुंपण, बाकं, फलक.

जेवण फिन्सच्या किनाऱ्यावर. पुन्हा डांबर सोडून समुद्राच्या कडेकडेनं खडबडीत माग. पांढऱ्या गोट्यांच्या छोट्या छोट्या पुळणी, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी खडकाचे खांदे. गुहागरची पुळण सहा किलोमीटर सरळसोट, ओढून ताणून बसवलेल्या धोतरासारखी; तिची सवय असलेल्या माणसाला या पुळणी खिशात घालून नेण्यासारख्या वाटतात. पाणी मात्र इथलं. आमचा समुद्र चहाच्या रंगाचा. हा निळा, तळाशी टाकलेलं नाणं दिसावं असा. तसा समुद्र एकच. समोर सरळ रेघ ओढली तर ती गुजरात-कोकणालाच येऊन लागेल.

वाटाड्यानं कोळशावर सुरमई लावली. कापं नाहीत, अख्खी मधून चिरून उघडलेली, मीठ, वाळलेल्या लिंबाची पूड, एवढंच. सोबत भात. मला वाटलं होतं आगळ-मिरचीवाचून सुरमईला काय चव येणार. आली. तेवढंच कबूल करते, जास्त नाही.

जेवताना यांचा फोन वाजला. गडी. पोफळींची पानं सुकायला लागली, घागरींनी किती घालू? यांनी घड्याळ बघितलं, गुहागरचं. तिकडे साडेतीन वाजले होते. हे किनाऱ्यावर येरझारा घालत ओरडून सूचना देत राहिले. वाटाड्यानं विचारलं, घरी काही वाईट? मी मोटरची गोष्ट सांगितली. सामाईक विहीर, तीन पाळ्या, सहा ते आठ. तो एकदम सावरून बसला. मोटरबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. म्हणाला, "पाळी मोजतं कोण?"

"घड्याळ," मी म्हटलं.

"आणि भांडण झालं तर?"

"वकील."

"हां! वकील. आमच्याकडेही वकीलच."

हा घोळ तिवीला पोचल्यावर सुटला.

वाटेत वादी शाब लागते. सगळे तिथेच जातात. रियालभर देऊन होडीनं पलीकडे, तासभर चाल, मग डोहांतून पोहत शेवटी कड्यांच्या फटीतून जेमतेम डोकं घालून आतल्या गुहेत, तिथे धबधबा. आम्ही महामार्गाच्या पुलाखाली तोंडाशीच पाहिली: गाड्यांची रांग लागली होती. माझे गुडघे आणि यांचं पोहणं लक्षात घेऊन वाटाड्यानं गाडी थांबवलीसुद्धा नाही. भाचा हळहळला. मी नाही.

वादी तिवी शाबची जुळी बहीण, दोन-तीन किलोमीटरवर. पण हिच्यात आतपर्यंत गावं आहेत, एकामागून एक, आणि त्यांना जोडणारा एकेरी अरुंद रस्ता. समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकानं मागं जायचं; कुणी ते डोळ्यांनी ठरतं. एका वळणावर आमच्या आरशाची आणि एका घराच्या भिंतीची भेट झाली. वर कडे शेकडो फूट, करड्या-तांबूस दगडाचे, आणि त्यांच्या पायाशी हिरवा पूर. खजूर, केळी, लिंबं, पेरू, आंबे. वाटाड्या आंब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "अंबा." मला वाटलं माझ्यासाठी मराठी बोलतोय. नाही, ओमानी अरबीतच आंब्याला अंबा म्हणतात. पंख्याला बंका. रस्ता विचारला तर "सीदा, सीदा". गलबतांतून खजूर मुंबईला गेला आणि परतीच्या फेरीत तांदूळ, सागाची लाकडं आणि शब्द भरून आले असणार.

तांदळाची साक्ष जुनीही आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी या किनाऱ्यावर आला होता. तिवीच्या पुढचं कलहात तेव्हा मोठं बंदर होतं. आज तिथे बीबी मरियमचं घुमट पडलेलं थडगं आणि भिंतींचे अवशेष तेवढे आहेत. १५०८ मध्ये अल्बुकर्कनं तेही उद्ध्वस्त केलं. २०१८ मध्ये युनेस्कोनं यादीत घेतलं. तर बतूतानं कलहातला पानांवर भाजलेला मासा भातावर वाढून खाल्ला, असा मासा कुठे खाल्ला नाही असं लिहून ठेवलं, आणि तो तांदूळ हिंदुस्तानातून येतो हेही लिहिलं. जहाज नांगरल्यावर कंटाळून तो पायी कलहातला निघाला होता, सोबत खिद्र नावाचा एक हिंदी माणूस आणि सामान धरायला, वाट दाखवायला एक वाटाड्या. त्या वाटाड्यानं कपडे घेऊन पळायचा डाव टाकला, खाडीत बुडवायला बघितलं. बतूतानं रात्रभर भाला धरून जागून काढली. ही गोष्ट मी गाडीत सांगितली. आमचा वाटाड्या इतका हसला की त्यानं गाडी थांबवली. "मावशी, सूरचा असेल तो! आम्ही मतरहवाले तसे नाही."

याच बतूतानं तिवीबद्दल लिहिलंय: वाहते ओढे, दाट झाडी, आणि केळी, ज्यांना मोत्यांचं नाव होतं. सातशे वर्षं होत आली. आम्ही रस्त्याकडेला एका म्हाताऱ्याकडून घड घेतला. बारीक, पातळ सालीची, आमच्या वेलची केळ्यासारखी. मोतीच होते की नाही कोण जाणे. हे मात्र एका दमात पाच खाऊन मोकळे झाले.

मिबाम हे वरचं गाव. तिथे गाडी लावून आम्ही पायी बागांत उतरलो, आणि मला घरी आल्यासारखं झालं. कारण पायाखाली पाट होता. सिमेंटनं बांधलेला, वीतभर रुंद, पाणी सळसळत चाललेलं. जागोजाग फांटा आणि फांट्याच्या तोंडाशी दगड आणि चिंधी. चिंधी काढली की पाणी या बागेत, लावली की पुढे. आमच्याकडे लहानपणी रहाट होता, रेडा फिरायचा, डोणीतून पन्हळीत आणि पन्हळीतून पाटात. आणि आळ्याचं तोंड आम्ही पोरं पायानं चिखल लोटून बंद करायचो. तोच खेळ. फरक एवढा की आमच्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि मस्कतला शंभरच्या आसपास.

याला इथे फलज म्हणतात. देशभरात असे सुमारे तीन हजार आजही वाहतात. २००६ मध्ये त्यांतले पाच युनेस्कोच्या यादीत गेले. तिवीतला त्यांत नाही, तो साधाच, गावापुरता. काही जमिनीखालच्या बोगद्यातून येतात, काही झऱ्यातून, काही असे वादीच्या पात्रातून वळवलेले. पाणी गावात आलं की सर्वांत वरचा भाग पिण्यासाठी, तिथे हात-पाय बुडवायचे नाहीत. मग आंघोळीची जागा, मशीद, आणि शेवटी बागा. पाण्याची मालकी जमिनीची नव्हे, वेळेची. साधारण अर्ध्या तासाचा एक 'अथर'. कुणाचे चार अथर, कुणाचा अर्धा. तो विकता येतो, भाड्यानं देता येतो, मुलीला वारशात जातो. दिवसा रोवलेल्या काठीच्या सावलीवर मोजायचा, रात्री ताऱ्यांवर: अमुक तारा त्या कड्यामागून वर आला की तुझं पाणी बंद, माझं चालू.

आणि वकील. फलजाचा कारभार बघतो त्याला वकील म्हणतात. काही अथर खुद्द फलजाच्या मालकीचे असतात. त्यांचा लिलाव करायचा आणि त्या पैशांतून गाळ काढायचा, भेगा बुजवायच्या. मी म्हटलं, आमचा वकील चिपळूणला कोर्टात बसतो आणि त्याची फी आमच्या खिशातून जाते, गाळ तसाच राहतो. हे ऐकून वाटाड्या काही बोलला नाही. जरा वेळानं यांना म्हणाला, "चाचा, एक बात पूछूँ? तुमची पाळी आहे. त्यांची मोटर आहे. पाळी तुमचीच वापरा, मोटर भाड्यानं घ्या. तासाचे पैसे द्या. भांडण भांडणाच्या जागी."

हे म्हणाले, "सात वर्षं बोललो नाही त्यांच्याशी."

"बोलायचं कुठे आहे? भाव विचारायचा आहे."

परतीच्या वाटेवर अंधार पडला. कुरियातच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली, दिवे घालवले आणि तारे दाखवले. मला मृग आणि कृत्तिका तेवढे सापडले. हे गाडीतून उतरलेच नाहीत. फोन हातात घेऊन, उघडून, पुन्हा बंद करत बसले होते.

तिसरा दिवस : शनिवार

सगळं अंग दुखत होतं. सकाळी मतरहच्या मासळी बाजारात गेलो, समुद्राला लागून २०१७ मध्ये बांधलेली नवी कमानदार इमारत. आत मात्र आरडाओरडा दाभोळच्या धक्क्यावरचाच. हलवा घेतला, केशराचा, तुपानं चकाकणारा. मुंबईच्या मिठाईवाल्याकडे मस्कती हलवा मिळतो, त्याचा हा खरा पूर्वज असं भाचा म्हणतो. माझ्या दाताला दोघे सारखेच चिकटले. केळीचा कोंब न्यायची फार इच्छा होती, पण विमानात माती-मुळं नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

दुपारी भाच्याच्या गॅलरीत हे उभे राहिले आणि त्यांनी चुलत दिरांना फोन लावला. मी आतून ऐकत होते. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मोटर जळली आहे माझी. सहा ते आठ तुझी लावायची आहे. तासाचे किती?" पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं. यांनी "बघतो" म्हणून ठेवून दिला.

"अडीचशे म्हणतो तासाला! वीज वेगळी!"

रात्री विमानतळावर निघताना भाच्याच्या फोनवर वाटाड्याचा निरोप आला होता: चाचांच्या पाण्याचं काय झालं? भाच्यानं कळवलं, तासाला एक रियालच्या वर मागतायत. आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत असताना उत्तर आलं.

"खूप महाग आहे. उद्या सकाळी पुन्हा फोन करायला सांग. पाऊण रियालला तुटेल."

यांनी घड्याळ बघितलं. "आत्ता तिकडे साडेअकरा. झोपला असेल," म्हणाले. "सहाला करतो."